मूठ मिटली की फेरी

ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाची सगळी इस्टेट म्हणजे दोन ओठ आणि पुढचे चार दात. भोंग्याला हे कोणी शिकवायची गरज पडली नाही, उलट तोच भेटेल त्याला सांगत सुटायचा. थंडीत ओठांना व्हॅसलीन चोपडल्याशिवाय तो घराबाहेर पडायचा नाही. अक्रोड फोडायला द्यायचा दुसऱ्याला आणि खायचा स्वतः. कुठे भांडण जुंपलंच, तर तोंडावर आडवा हात धरून मागे सरकायचा आणि म्हणायचा, "मारायचं तर पाठीत मारा, तोंड कामाचं आहे!" समोरच्याला हसू फुटायचं आणि भांडण तिथेच संपायचं.

भोंगा हे नाव आईने ठेवलेलं. वडिलांचं भांड्यांचे पोचे काढायचं आणि डाख द्यायचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. कोणीतरी एकदा तोंड चेपलेला ट्रम्पेट दुरुस्तीला आणून टाकला. वडिलांनी तो ऐरणीवर घेऊन हलक्या हाताने ठोकून गोल केला, चकचकीत पुसून खुंटीला लावला. मालक काही परत आला नाही. एक दिवस मुलाने तो खाली काढून फुंकला, तशी आतल्या खोलीतून आई ओरडली, "अगं बाई, कारखान्याचा भोंगा एवढ्यात कसा वाजला?" त्या दिवसापासून वाद्य राहिलं बाजूला, मुलाचंच नाव भोंगा पडलं. पुढे मोठमोठी माणसं त्याला 'भोंगासाहेब' म्हणू लागली, तेव्हा आईला हसून हसून ठसका लागायचा.

मिसरूड फुटायच्या वयात तो एका हॉटेलच्या तळघरातल्या जॅझ बँडमध्ये लागला. तळघराला खिडक्या नव्हत्या. भिंतींना तपकिरी मखमल लावलेली होती आणि तिला सिगारेटचा आणि पॉलिशचा वास चिकटून राहिलेला असायचा. संध्याकाळी तिथे लोक नाचायला यायचे. बँडचे मास्तर पियानोवर बसायचे. ढोल्या भोंग्याचा मित्र. अंगाने काडी, पण ड्रम वाजवायचा म्हणून ढोल्या.

मास्तरांचा एकच दंडक होता. बँडमधल्या कोणीही वाजवताना कागदाकडे बघायचं नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं.

"कागद पळून जात नाही," ते म्हणायचे. "पाय पळतात."

आणि मास्तरांची एक खूण होती. गाणं चालू असताना त्यांनी उजवी मूठ मिटून वर धरली, की बँडने आहे त्या जागी थांबायचं नाही, तर तोच छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा, गोल गोल वाजवत राहायचा. याला ते फेरी म्हणायचे. किती वेळ? मूठ उघडेपर्यंत. मूठ उघडली की सगळे एकदम पुढच्या ओळीवर. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाणं असंच बांधलेलं आहे.

ही फेरी मास्तर मुख्यतः एका आजोबांसाठी वापरायचे. आजोबा आजींना घेऊन नेमाने नाचायला यायचे. टापटीप कोट, बुटांवर आरसा धरावा अशी चकाकी. पण गिरकी घेताना त्यांचा उजवा गुडघा अडकायचा. कधी पटकन सुटायचा, कधी चांगलाच वेळ लावायचा. गुडघा अडकला रे अडकला, की मास्तरांची मूठ वर. बँड फेरीत. आजोबा आजींचा हात धरून तिथेच डुलायचे, जणू तेच करायचं होतं. गुडघा मोकळा झाला की मूठ उघडायची आणि गिरकी थेट नव्या ओळीवर पडायची. आजींच्या झग्याचा घेर बरोबर झांजेवर फुलायचा.

"काय ताल आहे नाही हो यांना, या वयात!" आजी मास्तरांना सांगायच्या.

"ताल रक्तातच असावा लागतो," मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे.

आजोबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की आपण बँडच्या तालावर नाचतो. मास्तरांनी ते तसंच वाटू दिलं.

भोंगा तिथे फुलला. एकच गाणं तो दोन संध्याकाळी सारखं वाजवायचा नाही. कालचं आज वाजवणं म्हणजे त्याला शिळं वाढल्यासारखं वाटायचं. जॅझमध्ये हेच तर कौतुकाचं असतं. चाल तीच, पण तिच्यातून आज कुठल्या गल्लीने जायचं ते वाजवणाऱ्याने आज ठरवायचं.

आणि मग एका संध्याकाळी, तोंडाची एवढी निगा राखलेला हा गडी, हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर साबणाच्या पाण्यावरून घसरला. हातात ट्रम्पेटची पेटी होती. पेटी वाचवायला हात वर धरले, आणि आपटलं तोंड. पुढचा एक दात गेला.

दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून एक मुलगी होती. पांढरा कोट, कपाळावर एक बट कायम सुटलेली. तोंडात कापसाचे बोळे असतानाही भोंगा तिला काहीतरी समजावून सांगत होता.

"बोलू नका. आ करा."

"ऑं ट्रॉंपॉट..."

"सगळे असंच म्हणतात. आ करा."

पुढे तिनेच त्याच्याशी लग्न केलं. ढोल्या वहिनींना चिडवायचा, "तुम्ही याच्यात पाहिलंत तरी काय?" तर त्या म्हणायच्या, "बाकीच्या बायकांनी नवऱ्याचा चेहरा पाहून होकार दिला असेल. मी आतून सगळं तपासून घेतलं."

दात नवा बसला आणि दिसायला तर आधीच्यापेक्षा देखणा बसला. पण ट्रम्पेटला देखणेपणाशी काही देणंघेणं नसतं. खालचे सूर निघायचे, वरच्या सुरांना हवा फुसकन निसटायची. भोंग्याने सगळा हिवाळा झटापट केली. आत्मविश्वास त्याला कधी कमी पडला नव्हता, कमी पडला तो फक्त एक दात. शेवटी मास्तरांनी त्याला बाजूला बसवलं.

"वाजवता येत नाही ना? मग वाजवून घे."

"म्हणजे?"

"तुला ऐकू तर येतंय अजून? तुझ्या डोक्यात जे वाजतं ते बाकीच्यांसाठी लिही. सॅक्सोफोनला काय, ट्रोम्बोनला काय. माणसं तुझी, फुंकर त्यांची."

असा तो अरेंजर झाला. चाल दुसऱ्याची असली तरी ती कोणत्या वाद्याने कधी उचलायची, कोणी मागे राहून कुजबुजायचं, कोणी एकदम अंगावर यायचं, हे ठरवायचं त्याने. महिन्याभरात बँडचा आवाज असा बदलला, की वेटर ट्रे हातात घेऊन दारातच उभे राहू लागले.

त्याच सुमाराला सिनेमाच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. कुठल्याशा प्रसंगात ट्रम्पेटचे चार खालचे सूर हवे होते, आणि खालचे सूर भोंग्याकडे शाबूत होते. स्टुडिओ म्हणजे एक उंच छताचा हॉल, भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला चार पायऱ्या वर, काचेआड ध्वनिमुद्रकाची केबिन. त्या ध्वनिमुद्रकाला सगळे 'कानकाका' म्हणायचे. माशी कुठल्या माईकवर बसली तेसुद्धा त्यांना आत बसून कळायचं म्हणे.

भोंग्याने पहिला टेक वाजवला. छान झाला. "अजून एक," काचेआडून आवाज आला. भोंग्याने दुसरा वाजवला. तो त्याच्या मते पहिल्याहून झकास.

कानकाका दार उघडून बाहेरच आले. "हे काय वाजवलंत?"

"आवडलं?"

"अहो, पहिल्यासारखं वाजवा ना!"

"पहिलं वाजवून झालं की."

सगळा हॉल हसला. कानकाका सोडून. त्यांनी त्याला समजावलं, की इथे पहिल्या टेकचं डोकं आणि दुसऱ्या टेकचं धड असं कापून जोडतात, मग दोन्ही टेक जुळ्या भावांसारखे नकोत का? भोंग्याला हे नवीनच होतं. घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, "माझ्या हातून एकच गोष्ट दोनदा सारखी होत नाही का गं?"

"होते ना. ओला टॉवेल रोज गादीवर, त्याच जागी."

पण त्या दिवशी हॉलमध्ये एक गृहस्थ मागच्या खुर्चीवर चहा पीत बसले होते. सिनेमाचे नामांकित संगीतकार, मोठे साहेब. या माणसाला वाजवायला बसवणं म्हणजे डोकेदुखी, पण याच्याकडून लिहून घ्यावं, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. मोठे साहेब चहात साखर ढवळता ढवळता चार ओळी गुणगुणायचे आणि निघून जायचे. त्या चार ओळींचा आख्ख्या ऑर्केस्ट्राचा पसारा मांडायचा भोंग्याने.

टेकच्या त्या फजितीचा त्याने मनाला असा चटका लावून घेतला, की पुढच्या काही वर्षांत स्टुडिओत त्याच्याएवढा काटेकोर माणूस उरला नाही. गळ्यात स्टॉपवॉच. कानात हेडफोन, त्यात सतत टिकटिक, आणि त्या टिकटिकीवर सगळा ऑर्केस्ट्रा. पडद्यावर दार उघडलं की इथे बासरी, कप फुटला की इथे झांज, केसभरही इकडे तिकडे नाही. "माझा एक टेक दुसऱ्यावर ठेवा," तो छाती फुगवून सांगायचा, "मधून दोरा जाणार नाही."

"भोंग्या, तू घड्याळ झालास रे," ढोल्या एकदा म्हणाला. तोही आता स्टुडिओत ड्रम वाजवत होता. भोंग्याने ही शाबासकी समजून घेतली.

राहता राहिली गोष्ट नावाची. पडद्यावर 'संगीत' म्हणून मोठ्या साहेबांचं नाव यायचं, पडदाभर. भोंग्याचं यायचं सगळ्यात शेवटी, 'सहाय्य' या शब्दाखाली, सतरंज्या आणि दिवे पुरवणाऱ्यांच्या शेजारी. तोवर प्रेक्षक उठून चपला शोधत असायचे. वहिनी मात्र जागच्या हलायच्या नाहीत. पुढचा माणूस उभा राहिला, की त्याची बाही खालून ओढायच्या. "दोन मिनिटं खाली बसा हो. माझ्या नवऱ्याचं नाव येतंय."

"कुठाय?"

"गेलं. तुमच्या डोक्यामागून."

भोंगा हसायचा. पण घरी परतताना तो एरवीपेक्षा कमी बोलायचा, आणि हे फक्त तिच्याच लक्षात यायचं.

ते एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहत होते. खालच्या इस्त्र्यांची वाफ फटींतून वर यायची आणि खिडकीच्या काचा सदा धूसर असायच्या. अशाच एका सकाळी दारावर टकटक झाली. दारात एक दिग्दर्शिका उभी होती, हातात हेल्मेट, केस विस्कटलेले. पूर्वी ती मोठ्या साहेबांच्या एका सिनेमात सहायक होती, त्यामुळे कोणाच्या हातून काय निघतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला मोठ्या साहेबांचं संगीत हवंय," खुर्चीवर टेकता टेकता ती म्हणाली, "पण मोठे साहेब नकोत."

वहिनींनी चहाचं आधण वाढवलं.

सिनेमा छोटा होता. एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट. शेवटी ती खूप दिवसांनी हॉस्पिटलमधून बाहेर पडते. लांबच लांब व्हरांडा, टोकाला दार. ती एकटी चालत दारापर्यंत जाते, बस. एकही संवाद नाही. जे काही सांगायचं ते चालण्याने आणि संगीताने.

"संगीत तुमचं, नावही तुमचं," दिग्दर्शिका म्हणाली. मग तिने कप खाली ठेवला. "एक सांगून टाकते, नंतर कुरकुर नको. निर्मात्यांचा तुमच्यावर भरवसा नाही. ते म्हणतात, अरेंजर म्हणजे दुसऱ्याचं सजवणारा. शेवटचा प्रसंग त्यांना पटला तर ठीक. नाही पटला, तर ते मोठ्या साहेबांना बोलावणार, आणि मग आख्ख्या सिनेमावर नाव साहेबांचं."

"म्हणजे स्वयंपाक यांनी करायचा आणि ताट साहेबांनी वाढून मिरवायचं?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, थांब तू," भोंगा हसत म्हणाला. "शेवटचा प्रसंग ना? बाई चालते एवढंच ना? तो तर मी झोपेत लिहीन."

आणि लिहिला, झोपेत नाही पण झोकात. एकेक पाऊल मोजून, प्रत्येक पावलाला सूर. दाराशी पोचताना व्हायोलिनांची लाट. बाकीचं सगळं रेकॉर्डिंग आठवड्यात सुरळीत पार पडलं. शेवटच्या प्रसंगासाठी एक सकाळ ठेवलेली होती. दुपारनंतर हॉल दुसऱ्यांचा.

त्या सकाळी वहिनी पहिल्यांदाच स्टुडिओत आल्या. केबिनमध्ये कानकाकांच्या मागच्या बाकावर बसल्या. शेजारी दिग्दर्शिका, तिच्यापलीकडे निर्माते, मांडीवर टोपी ठेवून. हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा पडद्याकडे पाठ करून बसलेला, कारण रीतच तशी. वाजवणाऱ्यांनी कागद बघायचा, पडदा बघायचा तो समोर उभ्या असलेल्याने. व्हायोलिनांच्या प्रमुख होत्या एक पोक्त बाई, सगळ्यांच्या मावशी. त्यांची मान ताठ, व्हायोलिनचा बो त्याहून ताठ.

भोंग्याने हेडफोन चढवला. टिकटिक सुरू झाली. पहिला टेक निर्मळ उतरला, एक सूर इकडचा तिकडे नाही. चित्रावर चढवून पाहिला. निर्मात्यांनी मान डोलावली नाही आणि हलवलीही नाही.

"चुकलं काही?" भोंग्याने विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे," दिग्दर्शिका माईकवरून म्हणाली.

"मग?"

"बाई चालत नाहीये. तिला कोणीतरी मागून ढकलतंय."

भोंग्याला राग आला. त्याने फिल्म परत लावायला सांगितली, पावलं दाखवली. हे बघा पाऊल, हा सूर. हे पाऊल, हा सूर. आता आणखी काय हवंय? टिकटिक थोडी सावकाश करून पाहिली, तर बाई पेंगुळल्यासारखी दिसू लागली. निर्माते घड्याळाकडे बघून दिग्दर्शिकेच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यातले दोनच शब्द काचेपलीकडूनही ओळखू आले. मोठे साहेब.

तेवढ्यात केबिनच्या माईकवरून आवाज आला. कानकाकांचा नाही, वहिनींचा.

"अहो, ऐकता का? तिला दुखतंय."

सगळा हॉल वर बघू लागला. कानकाका बटणाकडे हात नेत होते, पण वहिनींनी ते घट्ट दाबून धरलं होतं.

"तिला दुखतंय, आणि तुमची वाद्यं तिला म्हणतायत, चला, चला, उशीर होतोय. दातांच्या खुर्चीत तुम्हाला असं कोणी म्हटलं असतं ना, तर तुम्ही चावला असता."

मावशींच्या तोंडून फुर्रकन हसू निसटलं. भोंगा हसला नाही. त्याने हेडफोन काढला आणि गळ्यातलं स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"काका, फिल्म लावा. आवाज नको."

पडद्यावर म्हातारी चालू लागली. भूमिका करणाऱ्या बाईंच्या गुडघ्याचं खरोखरच ऑपरेशन झालेलं होतं. भोंगा इतके दिवस तिची पावलं मोजत होता, पण दोन पावलांच्या मधलं त्याने पाहिलंच नव्हतं. तिथे गुडघा अडकत होता. खिडकीपाशी थोडा, कठड्यापाशी पुष्कळ, मग नुसता निसटता. दर वेळी वेगळा. आणि अडकला की ती थांबत नव्हती. ती जागच्या जागी किंचित डुलत होती, जणू तेच करायचं होतं.

"ढोल्या," पडद्यावरची नजर न काढता भोंगा म्हणाला, "हे कोण आहे सांग."

ढोल्याने ड्रममागून मान लांब केली. मग त्याने काड्या मांडीवर ठेवल्या.

"अरेच्चा. गुडघेवाले आजोबा!"

भोंगा सरसावला. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला. "सगळ्यांनी खुर्च्या फिरवा. तोंड पडद्याकडे."

"खुर्च्या?" कानकाका धावत बाहेर आले. "माझे माईक लावलेत तिथे! सकाळपासून!"

"माईकही फिरवा."

"आणि टिकटिक?"

"टिकटिक बंद."

"मग टेक जोडायचे कसे? दोन टेक सारखे येणारच नाहीत!"

"येणार नाहीतच. एकच घ्यायचा. अख्खा."

कानकाकांनी कपाळावर हात मारला. पण माईक उचलायला सगळ्यात आधी तेच वाकले.

खुर्च्या सरकल्याचा खडखडाट थांबला, तसा भोंगा पडद्याच्या कडेला तिरपा उभा राहिला. एका डोळ्याने म्हातारी, एका डोळ्याने ऑर्केस्ट्रा. त्याने मूठ मिटून वर धरली आणि मास्तरांची खूण सगळ्यांना सांगितली. मूठ मिटली की आहे तो तुकडा गोल गोल, मूठ उघडली की पुढची ओळ. ढोल्याला हे पाठ होतं. बाकीचे एकमेकांची तोंडं बघू लागले.

मावशी उभ्या राहिल्या. "मी आयुष्यात कधी कागदावरची नजर काढलेली नाही. ते राहू दे, काढते. पण मूठ उघडल्यावर इतक्या जणांनी एकदम सूर कसा उचलायचा? एक पुढे, एक मागे, नुसता चिवडा होईल."

भोंगा थबकला. बँडमध्ये सहा माणसं होती आणि ती वर्षानुवर्षं एकत्र वाजवत होती. इथे तो प्रश्न खराच होता.

"मग काय करावं, मावशी?"

इतक्या वर्षांत त्याने त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मावशींनी क्षणभर बो गालाला लावला. "तुम्ही मूठ एकदम उघडू नका. आधी अंगठा सोडा. अंगठा सुटला की मी श्वास घेते, मोठ्याने. माझा श्वास ऐकून सगळे बो उचलतील. मग मूठ उघडा."

"कानकाका, श्वास ऐकू येईल?"

"मला तर येईलच," कानकाका केबिनमधून म्हणाले. "पण येऊ दे. म्हातारीचा वाटेल."

पहिला प्रयत्न फसला. कठड्यापाशी मूठ मिटलेली असताना जाडा व्हायोलिनवाला सवयीने पुढच्या ओळीवर गेला आणि एकटाच तिथे घुमत राहिला. दाराच्या फटीतून हॉलचा राखणदार डोकावला. दुपारच्या रेकॉर्डिंगची माणसं वाद्यं घेऊन बाहेर येऊन उभी होती. निर्मात्यांनी मांडीवरची टोपी उचलली.

"एकदाच," दिग्दर्शिका त्यांना म्हणाली. "बसा ना. एकदाच."

फिल्म लागली. म्हातारीने पहिलं पाऊल टाकलं आणि चेलोचा भरदार सूर तिच्या बरोबरीने निघाला, हात न लावता शेजारून चालावं तसा. खिडकीपाशी गुडघा अडकला. मूठ वर. व्हायोलिनं त्याच चार सुरांत फिरत राहिली, ना घाई, ना कीव. आता कोणी कागदाकडे बघत नव्हतं, सगळा हॉल एका गुडघ्याकडे बघत होता. अंगठा सुटला, मावशींनी श्वास घेतला, मूठ उघडली आणि पाऊल नेमकं नव्या ओळीवर पडलं. कठड्यापाशी मूठ इतका वेळ मिटून राहिली, की ढोल्याने ओठ चावला. भोंग्याचा हात जराही हलला नाही. त्याला ठाऊक होतं, गुडघा सुटणार आहे, आणि सुटेपर्यंत वाट बघायला त्याची काहीच हरकत नव्हती. मग अंगठा. मग श्वास. मग दार. व्हायोलिनांची लाट त्याने लिहिलेली होती, ती त्याने हाताच्या एका खुणेने निम्मी करून टाकली. म्हातारी उजेडात गेली, आणि ती गेल्यावरही तो तुकडा फिरत राहिला, कारण भोंग्याने शेवटची मूठ बराच वेळ उघडलीच नाही.

शेवटचा सूर विरला. मग काचेआडून कानकाकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"चांगला झाला. हाताशी असावा म्हणून अजून एक घेऊ या? पहिल्यासारखाच."

भोंगा वळला. "काका, पहिलं वाजवून झालं की."

एवढ्या वर्षांचं राहिलेलं हसू कानकाकांना एकदमच आलं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

निर्माते केबिनमधून उतरून खाली आले. टोपी हातातच होती. "हे असं पुन्हा करता येईल का तुम्हाला?"

"नाही," भोंगा म्हणाला. "दुसरं काहीतरी येईल. तेही चांगलंच असेल."

निर्मात्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "मग ते रेकॉर्डिंगचे डबे जपून ठेवा हो कानकाका. आणि साहेबांना फोन नका करू."

सिनेमा लागला त्या दिवशी आई, वहिनी, ढोल्या अशी सगळी फौज एका रांगेत बसली. शेवटी म्हातारी दारातून उजेडात गेली, पडदा पांढरा झाला, आणि तुकडा फिरतच राहिला. मूठ अजून मिटलेली होती. वहिनींनी सवयीने पुढच्या माणसाची बाही ओढायला हात पुढे केला, पण तो माणूस बसलेलाच होता. त्याच्या पुढचाही. कोणालाच उठावंसं वाटत नव्हतं, संगीत अजून कुठे संपलं होतं?

पडद्यावर अक्षरं आली. 'संगीत', आणि त्याखाली एकच नाव, पडदाभर.

ढोल्या कोपराने ढोसून कुजबुजला, "अरे भोंग्या, हा कोण? तुझं नाव कुठाय?"

"गप रे," पलीकडून आई म्हणाली. "तेच आहे त्याचं नाव. मीच ठेवलंय. वापरायचं राहून गेलं एवढंच."

वहिनींनी मोकळा राहिलेला हात भोंग्याच्या हातावर ठेवला. त्याची मूठ मिटलेली होती. तिने घाई केली नाही.